डोळ्यांची ठेवण

‘चेहरा जुळत नाही,’ यंत्रातली बाई म्हणाली. मग जरा थांबून, लहान मुलाची समजूत काढावी तशा गोड आवाजात तिनं जोडलं, ‘कृपया डोळे पूर्ण उघडा.’ गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, प्राचार्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर, सतरा जानेवारीच्या सकाळी हजेरीचं ते नवं यंत्र पहिल्यांदा सुरू झालं होतं, आणि अल्का गजभिये त्याच्यासमोर तिसऱ्यांदा उभी होती. तिनं भुवया वर ताणल्या. कपाळाला आठ्या पडल्या, कानामागची शीर ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. ‘चेहरा जुळत नाही.’ मागे रांगेत शिपायापासून इंग्रजीच्या सरांपर्यंत पंधरा-सोळा माणसं उभी होती, त्यातल्या कुणीतरी घड्याळाकडे बघून च्च केलं. कार्यालयातले प्रफुलबाबू आतून धावत आले. “मॅडम, जरा मोठे करा ना डोळे.” “मोठेच केले आहेत.” “आणखी थोडे.” आणखी थोडे म्हणजे किती, हे प्रफुलबाबूंनाही ठाऊक नसावं, कारण त्यांनी स्वतःचेच डोळे वटारून तिला दाखवले. रांगेत कुणीतरी हसलं. अल्का बाजूला झाली. तिच्यामागून एकेक जण पुढं येत गेला, यंत्र प्रत्येकाला ‘धन्यवाद’ म्हणत गेलं. महिनाभरापूर्वी लागलेल्या, नाव अजून कुणाला धड पाठ न झालेल्या जीवशास्त्राच्या मास्तरलाही म्हणालं. एकोणतीस वर्षं ती या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या, ब्युरेट आणि पोरं सांभाळत आली होती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि आज एका डबीनं चारचौघांत सांगितलं होतं, की बाई, तू ती नव्हेस. तिनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि मुकाट्यानं प्रयोगशाळा उघडली, कारण अकरावीची तुकडी दारात ताटकळत होती.

तिच्या डोळ्यांबद्दल बोलायचा हक्क जगानं तिच्या जन्मापासूनच घेतलेला होता. पापण्या जड, उजवी डावीपेक्षा अधिक, आणि दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली झुकलेले. गोंदियाच्या डॉक्टरनं बॅटरी मारून सांगितलं होतं, की पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा आहे, नजर ठणठणीत आहे, राहू द्या. नजर ठणठणीत आहे हे मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही. चौथीत गुरुजींनी झोपते म्हणून डस्टर फेकून मारलं, तेव्हा ती फळ्यावरची त्यांचीच चूक टक लावून पाहत होती. एसटीचा कंडक्टर खांद्याला हलवून उठवायचा. मैत्रिणींना ती गर्विष्ठ वाटायची, नातलगांना आळशी, आणि एका चुलतकाकूनं तर वयात आलेल्या पोरीला दोनदा हुंगून पाहिलं होतं, काही पिऊन-बिऊन आली की काय म्हणून. खाली झुकलेल्या डोळ्यांच्या माणसानं दिवसभरात किती खुलासे द्यायचे? मी जागी आहे. मी ऐकते आहे. मला वाईट वाटलेलं नाही. मी रडलेले नाही. प्रयोगशाळेत तिला पहिल्यांदा या खुलाशांपासून सुटका मिळाली होती. परीक्षानळीत जो साका उतरतो तो पांढरा की पिवळसर पांढरा, यावर दोन प्राध्यापकांचं वाजलं की शेवटी ती नळी तिच्याच हातात यायची, आणि ती उजेडाकडे धरून सांगायची ते खरं निघायचं. त्या वेळी तिचे डोळे कसे दिसतात हे कुणी विचारत नसे. तिनं त्या चार भिंतींना जीव लावला तो यासाठी.

चूक कुठं झाली ते तिला त्याच दिवशी दुपारी कळलं, आणि कळल्यावर आधी हसू आलं. आदल्या दिवशी कुडव्याला तिच्या भाच्याचं, रोशनचं लग्न होतं. रोशन आणि टीना ही तिच्या भावाची पोरं. टीनाचं कुडव्यात घराच्या पुढच्या खोलीतच छोटंसं पार्लर होतं. सकाळी बुद्धवंदनेच्या आधी टीनानं आत्याला खुर्चीत दाबून बसवलं. “आज मी तुझं एक नाही ऐकून राहिली. घरात मेकअपवाली असून आत्या अशीच उभी राहीन का फोटोत?” अल्कानं पोरीचं मन मोडलं नाही. आणि नेमकं भोजनाच्या पंगतीत प्रफुलबाबूंचा मेसेज आला, की संस्थेच्या नव्या हजेरीसाठी मोबाइलवरून चेहरा नोंदवायची आज पाचपर्यंत शेवटची मुदत, नोंदवला नाही तर उद्यापासून गैरहजर. टीनानंच मंडपाच्या पडद्यापुढं आत्याला उभं करून मोबाइल धरला, डावीकडे बघ, उजवीकडे बघ म्हणाली, आणि हिरवी खूण आली. बरोबरच्या सगळ्यांनी आठवडाभर आधी कॉलेजच्या ट्यूबलाइटखाली, घामेजलेल्या तोंडानं आपापले चेहरे नोंदवले होते. अल्काचा चेहरा नोंदला गेला तो लग्नातला. यंत्राच्या पोटात तिच्या नावापुढं वर उचललेले, टवटवीत, कानशिलाकडे झेपावणारे दोन डोळे जाऊन बसले होते, आणि यंत्र आता तेच मागत होतं. बदलून घ्यायचं तर संस्थेच्या नागपूरच्या कार्यालयाला अर्ज, तिथून कंपनीला अर्ज, आणि माणूस येईल तेव्हा येईल. तोवर रोज गैरहजर. सलग दहा दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की सेवेत खंड, असं नव्या परिपत्रकात ठळक अक्षरांत होतं. एकोणतीस वर्षं एकही दिवस खंड न पडलेली सेवा, आणि तिच्यात खंड पाडणार कोण, तर काजळाची एक रेघ.

चार दिवस गेले. चारही दिवस ती साडेनऊला येऊन पाचला गेली, चारही दिवस गैरहजर लागली. पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला टीना आपली पत्र्याची पेटी घेऊन दारात. “आत्या, सीधी बात आहे. मशीनले जे पाहिजे ते देऊन टाकू ना रोज. वीस मिनिटाचं काम आहे.” अल्का खुर्चीत बसली. आणि वीस मिनिटं तिला कळत गेलं, की आपल्या चेहऱ्यात नक्की काय कमी आहे. टीना कामाला लागली की बोलत राहायची, आणि बोलण्यात तिच्या मनात काही वाकडं नसायचं, हीच पंचाईत. पापणीवर आधी त्वचेच्या रंगाचा लेप, “इथं काळं दिसते ना, ते दाबायचं.” मग घडीच्या थोडं वर मातकट रंग, बोटाच्या टोकानं बाहेर ओढलेला, “घडी तुझी खाली लपते, म्हणून आपण खोटी घडी वर बनवायची.” डोळ्याच्या कोपऱ्यापासून भुवईच्या शेपटीपर्यंत पारदर्शक चिकटपट्टी तिरकी चिकटवलेली, तिच्या कडेनं काळी रेघ. “डोळे मिटू नको, समोर पाह. मिटून काढलं त उघडल्यावर रेघ आत घुसते. खालच्या पापणीले बाहेरच्या बाजूनं काहीच नाही लावायचं, नाही त डोळा खाली ओढल्यावानी दिसते.” मग चिमट्यानं पापणीचे केस वळवायचे, आणि बाहेरच्या कोपऱ्यावर तेवढ्याच चार-पाच नकली केसांचा तुरा डिंकानं बसवायचा. डिंक वाळेस्तोवर डोळा उघडा ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांच्याकडे बघत पापणीला डिंक लावून घेताना अल्काला इतका संताप आला, की डोळ्यातून पाणीच आलं. टीना ओरडली, “अगं रडू नको ना, पसरते!” “रडून नाही राहिली,” अल्का म्हणाली. तेही खरंच होतं.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. एक्याण्णव साली, ती एकवीस वर्षांची असताना, गोंदियाच्या स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत आई तिला घेऊन गेली होती. रुख्मा, तिची आई, बिड्या वळायची. बोटांना तंबाखूचा वास कायमचा. त्या बोटांनी तिनं घरून निघताना अल्काच्या डोळ्यांत काजळ घातलं आणि कोपऱ्यातून थोडं वर ओढलं. “डोळे मीट, अलके.” “कायले?” “मीट म्हणते ना.” स्टुडिओवाला हिंदीत बोलायचा. गर्दन थोडी नीचे, नजर ऊपर, और ऊपर बहनजी, जैसे छत को देख रहे. अल्कानं छताकडे बघितलं. तिथं एक पाल होती. मग चार दिवसांनी फोटो आला तेव्हा त्यात एक भलतीच मुलगी होती. त्यानं काचेसारख्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं पापण्यांची घडी वर चढवली होती, डोळ्यांच्या कडा उचलल्या होत्या. तेव्हा ती कला मानली जायची, आणि त्यानं जास्तीचा एक पैसा घेतला नाही, आपण होऊन केलं. आईला फोटो इतका आवडला की तिनं तो पदरानं पुसला. अल्का म्हणाली होती, आई, ही मी नाही. आई म्हणाली, “तूच होस. असे दिसत नाहीत का तुझे डोळे, हसते तवा?” तो फोटो चिचगडकडच्या एका घरी गेला. ईश्वरदास नावाचा मुलगा, पंचायत समितीत नोकरीला. मुलगी बघायला त्याची आई आणि मामा आले, पण ते संध्याकाळी, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात. त्यांनी पोहे खाल्ले आणि होकार दिला. लग्नात बाशिंगाच्या झिरमिळ्यांनी बाकीचं झाकलं.

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांतलं तिला काय आठवायचं, तर ईश्वरदासचं बघणं. तो भांडला नाही, हात उचलला नाही. तो जेवताना तिच्याकडे बघायचा, मग कोनाड्यात उभ्या केलेल्या फोटोकडे बघायचा, मग पुन्हा तिच्याकडे. हिशेब जुळत नसल्यावर माणूस जसा वहीच्या पानावर परत परत येतो तसा. बाराव्या सकाळी त्यानं आपल्या आईला तिच्या देखतच सांगितलं, “फोटोतली हे नोहे.” एवढंच. पुढचं सासूनं केलं. मामा गेला, अल्काच्या वडिलांना बोलावून आणलं, गावातली पाच माणसं विहाराच्या ओट्यावर बसली. दुलीचंद, तिचा बाप, रेल्वेत गँगमन होता. रात्रशाळेत जाऊन सही करायला शिकलेला, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर, लागो न लागो, सही करायची हौस असलेला. त्या दिवशी त्याच्यापुढं एक कागद ठेवला गेला. मुलीकडच्यांनी खोटा फोटो देऊन मुलाकडच्यांची फसवणूक केली, हे मला मान्य आहे. सोडचिठ्ठी त्याशिवाय सरळ होणार नव्हती म्हणे. अल्का विहाराच्या दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं, बाप म्हणेल, कोणाची फसवणूक? पोरीचे डोळे पोरीच्या तोंडावर होते, तुम्ही कंदिलात बघितले त्याला मी काय करू? बापानं वळणदार सही केली, खाली रेघ मारली, रेघेखाली दोन टिंबं दिली. परतताना एसटीत तो खिडकीतून बाहेर बघत बसला. तिनं त्याला त्याबद्दल आयुष्यात कधी काही विचारलं नाही, आणि त्यानंही नंतर कधी सांगितलं नाही. पण तिचा राग ईश्वरदासवर नव्हता इतका त्या कागदावर होता. तिच्यावर कुणी अन्याय केला असं त्यात नव्हतंच. त्यात असं होतं, की तिचा चेहरा हा एक गुन्हा आहे आणि तो लपवणं हा दुसरा. पहिल्या गुन्ह्याबद्दल माफी नव्हती, म्हणून दुसऱ्याची कबुली घेतली. तिनं मग बारावी पूर्ण केली, कॉलेजात लागली, आणि स्वतःचं घर कुडव्यात बांधलं. लग्नाचं नाव कुणी काढलं की ती उठून आत जायची.

टीनाचा उपाय मात्र चालला. पाचव्या दिवशी यंत्र पहिल्या झटक्यात म्हणालं, ‘धन्यवाद’. अल्काला वाटलं होतं हायसं वाटेल; तसं काही वाटलं नाही. आत जाताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा तोंड दाखवावं लागायचं, म्हणजे सकाळी काढलेले डोळे पाचपर्यंत टिकवायला हवेत. कुडवा ते गोरेगाव स्कूटीवर हेल्मेटची काच पाडून जायचं, बांधांमधल्या लाखोरीच्या निळ्या फुलांकडे बघायलासुद्धा काच वर करायची नाही, धूळ बसते. प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडली की डोळे झोंबायचे, आणि ते चोळता यायचे नाहीत. बारावीच्या पोरी टक लावून बघायच्या. एकीनं शेवटी धीर करून विचारलं, मॅडम, लायनर कोणतं लावता? स्टाफरूममध्ये तर उत्सवच. एकोणतीस वर्षांत ज्या बायांनी तिला डब्यातली भाजी सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं, त्या आता तिच्याकडे खुर्ची ओढून बसायला लागल्या. “किती उठून दिसून राहिल्या तुम्ही! आधीच काऊन नाही केलं?” जणू आधीची जी बसत होती ती कुणी आजारी नातलग होती, आणि आता तिला दवाखान्यातून आणलंय. प्राचार्य बिसेन सर, ज्यांचे केस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्यानं काळे होत, व्हरांड्यात थांबून म्हणाले, “मॅडम, फ्रेश वाटता आजकाल.” तिनं मान हलवली. आणि सगळ्यात संताप येण्यासारखी गोष्ट पुढचीच होती: एका सकाळी रेल्वे फाटकाशी थांबलेली असताना स्कूटीच्या आरशात ते डोळे तिला दिसले, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, ते तिला आवडले. फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी ती तशीच. पंचावन्न वर्षं ज्यांनी तिला इमानानं सगळं दाखवलं ते डोळे तिथं, त्या रंगाखाली, मुकाट पडून होते, आणि ती त्यांच्यावर चढवलेल्या सोंगाकडे बघून खूश झाली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं खोबरेल तेलाचा बोळा इतका जोरात फिरवला की पापणी सुजली.

फेब्रुवारी लागला आणि कंपनीचा माणूस चेहरे दुरुस्त करायला प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात येतोय असं कळलं. अल्कानं सुटकेचा श्वास घेतला. पण त्याआधी बिसेन सरांनी तिला आत बोलावलं. टेबलावर प्रफुलबाबूंनी टाइप केलेला कागद होता. नागपूरहून विचारणा आली होती म्हणे, की चार दिवस न जुळलेला चेहरा पाचव्या दिवशी एकदम जुळतो कसा, दुसरंच कुणी हजेरी लावतंय का. तिनं चष्मा न लावता वाचलं. तेवढं तिला अजून दिसत होतं. ‘मी, अल्का दुलीचंद गजभिये, नोंदणीच्या वेळी डोळ्यांची ठेवण बदलून माझी खरी ओळख लपवली व संस्थेची दिशाभूल केली. त्याबद्दल मी दिलगीर असून पुन्हा असे होणार नाही.’ खाली सहीसाठी टिंबांची रेघ. कागद तिच्या सेवापुस्तकात लागणार होता. तिनं दोनदा वाचलं.

“सर, हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“अहो, भाषा असते कागदाची. त्यात एवढं काय?” बिसेन सर हसले. “सही करा, माणूस आला की नवा फोटो घेईल, ते चार दिवस बी मी बसवून देतो. विषय संपला.”

“मी काही लपवलं नाही. माझ्या घरचं लग्न होतं, तुमची शेवटची तारीख होती.”

“ते मले समजते, मॅडम. वरच्यांना काय सांगू? त्यांना कारण पाहिजे.”

“मग लिहा ना, लग्न होतं म्हणून.”

“लग्नाचं कारण कुठं चालते काय?” ते आता हसत नव्हते. “सही नाही केली त नवा फोटो घेता येत नाही. अन मेकअप करून आल्या त नागपूरवाले म्हणतील अजून फसवून राहिली. तुमीच सांगा मग मी काय करू. एवढ्याशा कागदासाठी काऊन अडून राहिल्या तुमी?”

एवढासा कागद. हो, एवढासाच असतो तो नेहमी. अल्का घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी टीना पेटी घेऊन आली तेव्हा तिला म्हणाली, “बंद.” टीना दारातच उभी राहिली. “आत्या, दहा दिवस होतील न मग. सर्व्हिस तुटन तुही.” “तुटू दे.” “मग इतके दिवस कायले करून घेतलं?” अल्कानं हेल्मेट उचललं. टीना रुसून गेली. पोरीचा काय दोष, तिनं तर वीस-वीस मिनिटं जीव ओतून त्या डोळ्यांना वर उचललं होतं. संध्याकाळी अल्कानं तिच्याकडे जाऊन चहा मागितला. दोघींनी मिळून प्यायला. त्यानंतरचे पाच दिवस ती उघड्या चेहऱ्यानं यंत्रासमोर उभी राहिली, ‘कृपया डोळे पूर्ण उघडा’ ऐकलं, भुवई एक केसभरही न ताणता ऐकलं, आणि आत गेली. आधीचे चार आणि हे पाच. संस्थेनं सलगचा अर्थ आपल्या सोयीनं घेतलाच तर दहावा दिवस प्रात्यक्षिक परीक्षेचा पडत होता.

परीक्षेच्या सकाळी ती दरवर्षीसारखी आठलाच आली. तिच्याशिवाय ती परीक्षा होऊच शकत नव्हती, हे बिसेन सरांना जितकं माहीत होतं तितकंच तिलाही, आणि रात्री तिच्या मनात एकदा येऊन गेलं होतं की किल्ल्या घेऊन घरीच बसावं. पण देवरीच्या अलीकडच्या गावांतून पहाटेची एसटी पकडून आलेली पोरं व्हरांड्यात पाय दुमडून बसली होती, ओठ हलवत क्षारांचा गट एक, गट दोन पाठ करत. त्यांचं काय चुकलं होतं? तिनं यंत्राला तोंड दाखवलं, यंत्रानं नाकारलं, तिनं प्रयोगशाळा उघडली. अठ्ठेचाळीस परीक्षानळ्यांशेजारी अठ्ठेचाळीस पुड्या क्षार, कुणाला कोणता ते फक्त तिच्या तक्त्यावर. दिवसभर ती टेबलांमधून फिरली. एका पोरीच्या हातून बर्नर विझला, तो पेटवून दिला. एक पोरगा रडवेला होऊन नळीकडे बघत होता, त्याच्याशेजारी ती नुसती उभी राहिली, काही सांगितलं नाही, तरी त्याचा हात थांबला आणि त्यानं परत वास घेतला. बाहेरून आलेले परीक्षक, देवरीकडच्या एका कॉलेजचे शांत गृहस्थ, दुपारी म्हणाले, मॅडम, अशी लावलेली लॅब मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. तिनं आभार मानले. आपण साडेचारला काय करणार हे तिला तोवर कळलेलं होतं.

साडेचारला परीक्षकांनी गठ्ठा बांधायला घेतला. उत्तरपत्रिकांच्या वर क्षारांचा तक्ता लागतो, आणि तक्त्याखाली तो तयार करणाऱ्याची सही. तिनं तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. ते म्हणाले, सही राहिली. “सर, मी सही करू शकत नाही,” ती म्हणाली. “मी आज गैरहजर आहे.” ते हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. “तक्ता खरा आहे, पोरांचं काही बिघडणार नाही. पण हजेरीत मी नाही. जी इथं नव्हती तिची सही तुम्ही घेतली, तर उद्या तुमच्यावर येईल.” परीक्षकांनी प्राचार्यांना बोलावलं. बिसेन सर आले, मागे प्रफुलबाबू. गठ्ठा सहाच्या आत केंद्रावर पोचवायचा होता, आणि गाडी गेटात उभी होती.

“मॅडम, हे काय लावलं? सकाळपासून तुमी इथंच त आहात!” बिसेन सरांचा आवाज चढला. “मी स्वतः पाहिलं ना! साडेआठपासून पाहून राहिलो!”

“मग तेच लिहून द्या, सर.”

बेसिनचा नळ ठिबकत होता, तो तिनं हात लांब करून बंद केला. परीक्षकांनी, जणू त्यात काही विशेष नाही अशा रीतीनं, कॉलेजच्या नावाचा एक कोरा कागद प्राचार्यांपुढं सरकवला. बिसेन सरांनी त्यांच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, शेवटी स्टुलावर बसले. ते लिहायला लागले तसं अल्का त्यांच्या खांद्याशी उभी राहून वाचत गेली, एकेक अक्षर, आणि तिला त्यात काही संकोच वाटला नाही. ‘तांत्रिक अडचणीमुळे तसेच संबंधित कर्मचाऱ्याच्या डोळ्यांच्या’ इथवर ते आले.

“ते खोडा,” ती म्हणाली.

“काऊन? खरंच आहे ना ते.”

“माझ्या डोळ्यांबद्दल काही लिहायचं नाही. मी इथं होते आणि तुम्ही मला ओळखता, एवढंच लिहा.”

त्यांची मान लाल झाली. तिला वाटलं ते आता पेन फेकतील. फेकलं असतं तर तिच्याजवळ पुढचं काही ठरलेलं नव्हतं, आणि सेवा तिथंच संपली असती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती हलली नाही. बिसेन सरांनी ओळ खोडली. खाली नव्यानं लिहिलं: श्रीमती अल्का गजभिये प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजर होत्या, मी त्यांना स्वतः पाहिले आहे, व मी त्यांना एकोणतीस वर्षांपासून ओळखतो. वर्षं त्यांना विचारावी लागली नाहीत. सही केली, आणि कागद तिच्याकडे ढकलला.

तिनं तो उचलला नाही. “कधीपासून हजर, ती तारीख राहिली, सर.”

“आजची घाला,” प्रफुलबाबू मागून म्हणाले.

“आजची नाही. सतरा जानेवारीपासूनची,” अल्का म्हणाली, आणि बिसेन सरांनी ती पूर्ण लिहून होईपर्यंत तिनं तक्त्यावर सही करायला आपल्या पेनाचं टोपण काढलं नाही.